निंबाआबांच्या अंगावरची पँट

आमच्या रोनकने पहिली पँट शिवून आणली तेव्हा ती दिवाणखान्याच्या मधोमध उभी करून दाखवली. पँट खरंच उभी राहिली. आत पाय नाहीत, वर माणूस नाही, आणि पाहुणा दारात अवघडून उभा राहावा तशी ती आपली उभी. मला हसू आवरेना.

"हसू नको ना दादी," तो म्हणाला. "ही रॉ डेनिम आहे. मागावरून उतरली तशी. हिला पाणी लागलेलं नाही, दगडाने घासलेली नाही. माणूस घालत जातो तसतशी ती त्याच्या अंगाची होत जाते."

"पण आधी घालायची कशी? शिडी लावून?"

रोनक माझ्या मुलाचा मुलगा. मुलगा आणि सून नोकरीमुळे पुण्याला असतात. रोनकही तिकडेच शिकला. आमच्या धुळ्याची पोरं शिकली की पुण्याला पळतात. हा शिकून धुळ्याला आला. म्हणाला, मला पुरुषांचे दणकट कपडे करायचे आहेत. बापाने घालावेत आणि मुलाने मागून घ्यावेत असे. चिंधा मास्टर नावाच्या शिंप्याकडे ताडपत्री शिवायचं एक जुनं भारी मशीन पडून होतं, त्याच्यावर ह्याने पँटी शिवून घेतल्या. तांब्याचे रिव्हेट, पितळेची बटणं. जाड कॅनव्हासच्या पिशव्या केल्या. कमरेचे पट्टे करायचे होते, पण आमचं घर जैनांचं, चामडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग याने पलंगाला लावतात ती सुती नवार दुहेरी विणून घेतली, तिला पितळी बकल लावलं.

"पलंग कमरेला बांधून हिंडणार का लोक?" यांनी विचारलं.

हे म्हणजे रोनकचे दादाजी, कांतीलाल शेठ. आग्रा रोडच्या बाजूच्या गल्लीत आमचं कापडाचं दुकान आहे. सुटिंग, शर्टिंग, टेरिकॉट, लग्नाचे आहेर. दुकानाला दोन शटर. तयार कपड्यांचा जमाना आला तसं एक शटर उघडायची गरज उरली नाही. रोनकला ते बंद शटर हवं होतं. आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसालाही तेच हवं होतं.

"कामगाराचं कापड आहे हे," हे त्या उभ्या पँटीकडे लांबूनच बघत म्हणाले. पेपरही खाली ठेवला नाही. "टिकतं म्हणतोस, तर घालून दाखव. पुढच्या आखाजीला बघू. टिकलेली पँट माझ्यासमोर आण, शटर तुझं. नाही आणलीस तर किल्ली मोबाइलवाल्याला."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. नवा धंदा, नवा करार, सगळं त्या दिवशी.

रोनकला काय, तेच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने ती पँट चढवली. पहिले काही दिवस तो गुडघे न वाकवता चालायचा, जिन्यावरून आडवा उतरायचा. बसला की त्याच्या बोटांना आणि आमच्या गादीच्या खोळींना निळा रंग लागायचा. मी कुरकुरले, पण खरं सांगते, मला तो रंग बघून बरं वाटायचं. माझं माहेर भडगावचं. तिथे गिरणा नदीच्या अलीकडे माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानात निळ्या जीनची ठाणं असायची. जिनिंग-प्रेसिंगचे कामगार, रेल्वेचे खलाशी, विहिरी खोदणारे वडार, सगळे तेच कापड न्यायचे. साधं कापड वडील कात्रीने जरासं कापून दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचे. निळी जीन फाटायची नाही. ती शेवटपर्यंत कात्रीनेच कापावी लागे, आणि वडिलांच्या अंगठ्याला त्याचा घट्टा पडला होता. ठाणाच्या आडोशाला बसून मी सागरगोटे खेळायची. उठले की परकराला मागून निळा डाग, आणि आईचा धपाटा.

रोनकने पँट वर्षभर घातली, आणि एकदाही धुतली नाही.

"उन्हात टाकायची, वाऱ्यावर टाकायची," तो म्हणायचा. "पाण्याला लावायची नाही."

मग मी तिला उन्हात टाकायची. बघता बघता तिचा काळपट निळा उतरला. मांडीवर मिशांसारख्या पांढऱ्या रेषा उमटल्या, गुडघ्यामागे चुण्या पडल्या, खिशावर मोबाइलचा चौकोन आला. ती अशी मऊ झाली की हातात घेतली तर आपोआप दुमडायची. उभी राहायचं तिने केव्हाच सोडलं होतं. यांना मात्र यातलं काही दिसलं नाही. हे गादीवर बसून गल्ल्यामागून जग बघणारे, त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू. नातवाच्या तोंडाकडे बघून बोलायचे, पायाकडे कशाला बघतील?

फाल्गुन संपला आणि रोनक कापड निवडायला अहमदाबादला गेला. पँट मुद्दाम घरी ठेवली, गॅलरीतल्या तारेवर. "हिला आता जपायची," म्हणाला. मीही त्याच सुमारास जळगावला लेकीकडे, रूपलकडे गेले. तिच्या सासूबाईंचं वर्षीतप, म्हणजे वर्षभराचं एक दिवसाआड उपासाचं व्रत, चालू होतं, घरात माणसांचा राबता, तिला मदत हवी होती. धुळ्याच्या घरी हे एकटेच राहिले.

इथेच घोटाळा झाला.

आमच्या घरात एक जुना नेम आहे. कापडवाल्याच्या घरात जुनेर राहता कामा नये. सासूबाई म्हणायच्या, आपल्याच घरच्या तारेवर फाटकं वाळत असेल तर गिऱ्हाईक आपलं नवं कापड का घेईल? त्यामुळे दिवाळीच्या आधी एकदा आणि आखाजीच्या आधी एकदा घरातले सगळे जुने कपडे बोहारणीला जातात, आणि बदल्यात भांडं येतं. हा सौदा हे स्वतः करतात. बायकांवर विश्वास नाही. म्हणे, तुम्ही दोन साड्यांत चहाचं गाळणं घेऊन याल.

मी जळगावहून परतले तर ओट्यावर एक लखलखीत स्टीलचं पातेलं. माझ्या आधी घरात येऊन बसल्यासारखं.

"बघितलंस?" हे छाती काढून म्हणाले. "मंजुळाबाई छोटं देत होती. मी म्हटलं, नाही, मोठंच पाहिजे. अर्धा तास घासाघीस केली. शेवटी गॅलरीतली एक पँट वर टाकली तेव्हा कुठे दिलं."

"कुठली पँट?"

"असेल कुणा गड्याची. निळी, विटकी. ढोपरावर पार पांढरी झाली होती. मीच म्हटलं, बाई, पोतेरं करायला घे."

मी पाहायला उचललेलं पातेलं खाली ठेवलं आणि पलंगावर बसले.

दुसऱ्या दिवशी रोनक आला. बॅगही न उतरवता गॅलरीत गेला. मोकळी तार बघून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. आमच्याच घरातला मुलगा, त्याला पातेल्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

"दादाजी, ती माझी पँट होती! तुम्हाला दाखवायची होती ती!"

हे क्षणभर गोंधळले. पण चूक झाली म्हणतील तर शेठ कसले? चष्मा पुसून म्हणाले, "मग निकाल लागलाच की. मी कापडाच्या धंद्यात जन्म घालवला. मला जी पँट जुनेर वाटली ती टिकाऊ कशी असेल?"

"तुम्ही हात तरी लावला होता का तिला?"

"दांडीने उचलून टाकली. मळकट होती."

"आखाजी अजून आली नाही," रोनक म्हणाला. "शब्द आखाजीचा आहे."

"शब्द आखाजीचाच आहे. आण पँट."

रोनकने माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या.

मंजुळाबाई आमच्या घरापासून थोड्या अंतरावर राहते. अंगणात कपड्यांचे ढीग लावून बसली होती, तोंडात मिसरी. रोनकने पँटीचं वर्णन सुरू केलं, तर ती मध्येच म्हणाली, "ती व्हय! शेठनीच दिधी मले. पोतेरं कर म्हने. अशी पोतेरं रोज देवो म्हना शेठ! भडगावना बाजारमां हातोहात गई."

"कुणी घेतली?"

"निंबाआबानी. लिंबूनी बाग शे त्यांनी, नदीकडे. दोन्ही हातखाल ताणी दखी, पायखाल दाबी दखी, आन मंग काहीच बोलनात नही, पँट लिसन चालना ग्यात."

भडगाव म्हटल्यावर माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. यांना एवढंच सांगितलं की रोनक मला माझं जुनं गाव दाखवायला नेतोय. आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळची एस.टी. पकडली. रोनकच्या खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, आत निरनिराळ्या मापांच्या कोऱ्या पँटी. एकीच्या बदल्यात एक नवी देऊ, असा त्याचा हिशेब. पारोळ्याला गाडी बदलली. भडगावला उतरले तर वडिलांच्या दुकानाच्या जागी पतसंस्था. भाऊ केव्हाच पुण्याला गेलेले, घर विकलेलं. तरी रस्त्याला वळण होतं तिथेच होतं, आणि माझे पाय त्या वळणावर आपोआप वळले.

निंबाआबांची बाग सापडायला वेळ लागला नाही. लिंबाची झाडं, बांधापलीकडे केळी, आणि मध्ये पत्र्याचं पण ऐसपैस घर. अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधलेला. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यांच्यासाठी. निंबाआबा साठीचे, बारीक, तांबूस मिशांचे. शिडीवर चढून लिंबं तोडत होते. आम्हाला दिसले ते आधी पायच.

रोनक माझ्या दंडाला धरून उभा राहिला. "दादी, बघ."

मी बघतच होते. ती पँट होती आणि ती पँट नव्हती. मांडीवरच्या मिशांसारख्या रेषा तशाच, पण खाली पोटऱ्यांवर केळीच्या चिकाचे काळे शिंतोडे. मांड्यांवर लिंबाच्या काट्यांनी ओढलेल्या बारीक पांढऱ्या रेघा, जागोजाग, आणि एकही आरपार गेलेली नाही. गुडघ्यावर मातीचा तांबूस रंग बसलेला. जे करायला रोनकला वर्ष लागलं त्याच्यावर निंबाआबांनी महिन्याभरात असं काही चढवलं होतं की रोनक लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून बघत होता.

"कोन पाहिजे?" वरून आवाज आला.

"भाऊ, मी भडगावनीच पोर शे," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी अहिराणी तोंडात आली आणि गुळासारखी विरघळली. "बाजारपेठमां आमनं कापडनं दुकान व्हतं."

"निळी जीनवाला शेठ? त्यासनी पोर?" निंबाआबा सरसर खाली उतरले. "मना बाप तठूनच कापड आने! या अक्का, बसा. ए सुलक्षणा, पानी आन व!"

सुलक्षणा म्हणजे त्यांची बायको, हसऱ्या तोंडाची. पाणी आलं, ताक आलं. मग रोनकने सगळी कथा सांगितली. शटर, पैज, पातेलं, आखाजी. निंबाआबा पातेल्यापाशी हसले ते खोकला येईपर्यंत हसले. पण पँट मागितल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"हाई मी देवाव नही."

"आबा, बदल्यात नवी देतो," रोनक म्हणाला. "दोन देतो." त्याने पिशवीतून एक कोरी पँट काढली.

निंबाआबांनी तिला टिचकी मारून पाहिली. "पँट शे का पत्रा शे? माले घरले पत्रा शे, आखो नको."

"ही पण घालून घालून तशीच होईल, आबा."

"मंग तूच घाल वरीसभर. नरम व्हयनी का लई ये, मी लिसू."

सुलक्षणा पदरात हसायला लागली. "त्यासनं खरं शे भाऊ. लिंबूना काटामां बठ्ठ्या पँटा फाटी ग्यात. शिवी शिवी मना हात दुखेत. हाई पँट उनी आन मनी सुई सुटनी."

"मग तुम्हीच धुळ्याला चला ना, आबा," रोनक काकुळतीला आला. "उद्याचा दिवस. नुसतं दादाजींसमोर उभं राहायचं."

"उद्या आखाजी! लेकी येतीन, घागर भरनी शे, पितरांनं ताट शे. मी सन सोडीसन तुन्हा आजाले ढोपर दखाडाले जाऊ का?"

बोलणं खरं होतं. रोनक मान खाली घालून पँटीची घडी घालू लागला. ती घडी पडत नव्हती. मी झोक्याकडे बघत होते. लग्न झाल्यापासून आखाजीला मी कधी माहेरी आलेच नव्हते. दुकानात त्या दिवशी मुहूर्ताची गर्दी, मला कोण सोडणार? मी उठले, झोक्यावर जाऊन बसले आणि पायाने हलकेच रेटा दिला. कडुनिंबाची फांदी करकरली, पण धरून राहिली.

"रोनक, दादाजींना फोन लाव."

"काय सांगू?"

"दे इकडे." फोन लागला. मी म्हटलं, "अहो, ऐकलं का? मी आखाजीला माहेरी आले आहे. उद्या न्यायला या."

"माहेरी? भडगावला आता कोण आहे तुझं?"

"आहे. गिरणेकडे निंबा पाटलांच्या बागेत. न्यायला आल्याशिवाय मी येणार नाही. रीत आहे ती."

"या वयात?"

"रीतीला वय नसतं."

मग फोन बंद झाला. सुलक्षणाने सगळं ऐकलं होतं. ती जवळ येऊन म्हणाली, "अक्का, बरं करं. आखाजीले माहेर सोडीसन कोनी जास का? येतीन तुम्हना मालक लेवाले."

त्या संध्याकाळी तिने मला सूर्य मावळायच्या आत जेवायला वाढलं. कांदा-लसूण, बटाटा काही नाही, मला सांगावंही लागलं नाही. तिच्या दोन्ही लेकी दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या आणि मला झोक्यावर बघून म्हणाल्या, आमच्या आधीच नंबर लावला का? मग तिघींनी झोके घेतले. गौराईची गाणी म्हटली. माझे मधलेच शब्द गेले होते, तिथे मी नुसती लय धरली. रोनक अंगणात येरझाऱ्या घालत होता. "दादी, ते आलेच नाहीत तर? संध्याकाळी मोबाइलवाला किल्ली न्यायला येणार आहे."

"येतील," मी म्हटलं. आतून मला तरी कुठे खात्री होती?

घागर भरून झाली. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, ताटात सांजोऱ्या. आणि तेवढ्यात रस्त्याला काळी-पिवळी जीप येऊन थांबली. आतून शेळी उतरली, दोन बाया उतरल्या, आणि त्यांच्या मागून पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, टोपीवर धूळ, असे आमचे शेठ उतरले. चेहरा रागाने लाल.

"चल," ते फाटकातूनच म्हणाले. "संध्याकाळी माणूस यायचाय किल्लीला."

"थांबा, थांबा, जावईबोवा!" सुलक्षणा तांब्या घेऊन धावली. त्यांच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला टिळा लावला. लेकींनी पाट मांडला. एकीने खांद्यावर नवा टॉवेल टाकला. ऐंशीला टेकलेला जावई पाटावर बसला आणि रागवायचं कसं तेच त्याला आठवेना.

"जेवल्याशिवाय कोनी जावई जास का?" निंबाआबा घरातून बाहेर येत म्हणाले. सण म्हणून वर इस्तरीचा पांढरा शर्ट, आणि खाली तीच पँट.

सुलक्षणा करवादली, "आजना दिन तरी धोतर नेसो ना!"

"धोतर फाटस. हाई फाटत नही."

ते येऊन यांच्यासमोर उभे राहिले, आणि आमच्या शेठचे डोळे त्या पँटीवर गेले. मी रोनकला डोळ्यानेच गप्प बस म्हटलं. यांचा हात आपोआप पुढे गेला. कापडवाल्याचा हात आहे, समोर कापड असलं की तो मालकाचं ऐकत नाही. त्यांनी पँटीची कड चिमटीत धरली. चोळली. नखाने वीण खरवडली. मग खाली उलटी मुडप होती ती उलगडून आतली किनार पाहिली. लाल धाग्याची किनार.

"हे जुन्या मागावरचं कापड आहे," ते हळूच म्हणाले. "किनारीसकट. हे आता मिळत नाही. कुठल्या मिलचं, पाटील?"

"काय माहीत, नाना."

"जरा फिरा." निंबाआबा फिरले. यांनी चष्मा वर करून बसायची जागा पाहिली, मांडीतली शिवण पाहिली, ढोपर दोन अंगठ्यांनी ताणून पाहिलं. काट्यांच्या रेघांवरून बोट फिरवलं. "एवढे काटे लागले आणि एकही सूत तुटलं नाही? कुणी शिवली?"

"धुयानी शे नाना."

"आमच्या धुळ्याची? कोण विकतंय असला माल? आग्रा रोडला तर कुणाकडे नाही."

"इकतंय कुठे!" निंबाआबांनी चेहरा अगदी साधा ठेवला. "मी बोहारीनकडतून लिधी. कोनी येक येडा शेठ शे म्हने धुयामां. त्यानी पातेलासाठे दी टाकी."

यांचा हात अजून निंबाआबांच्या ढोपरावर होता. त्यांनी ढोपराकडे पाहिलं, मग वर निंबाआबांच्या मिशांकडे, मग रोनककडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. मी पदर तोंडात कोंबला होता.

"पोतेरं कर म्हटलं होतं मी तिला," ते म्हणाले.

आणि मग आमचे शेठ हसले. पाटावर बसल्या बसल्या हलू लागले, टोपी खाली पडली, डोळ्यांतून पाणी. निंबाआबांनी त्यांना उठवायला हात दिला तर दोघेही हसत एकमेकांच्या खांद्यावर.

"रोनक," शेवटी श्वास घेत ते म्हणाले, "मोबाइलवाल्याला फोन लाव. सांग, किल्ली मिळणार नाही. शटर नातवाला दिलं."

रोनकने फोन लावला नाही, आधी वाकून पाया पडला. मग लावला.

पुरणपोळी आणि आमरस झाल्यावर यांच्यातला व्यापारी जागा झाला. "पाटील, ही पँट दुकानात दर्शनी लावायची आहे. द्या. काय पाहिजे ते सांगा."

"काहीच नको. देवाव नही."

"मोठं पातेलं देतो!" लेकी खिदळल्या. यांनी पातेल्यावर परात चढवली, परातीवर हंडा. निंबाआबा ढिम्म. मंजुळाबाईला नमवणारा माणूस इथे हरत होता, आणि हरताना त्याला मजा येत होती. अखेरीस निंबाआबांनी कोऱ्या पँटीकडे बोट केलं. "तिले कोनी नरम करी दिसन, तव्हय हाई लई जा."

"कोण करणार नरम? रोनक तर आता गल्ल्यावर बसेल."

मग यांनी रोनकची पिशवी पुढ्यात ओढली, एक एक पँट काढून कमरेला लावून पाहिली, आणि जी बसेलशी वाटली ती घेऊन घरात गेले. मी आयुष्यभर त्यांना लेंग्याशिवाय पाहिलं नव्हतं. आतून बराच वेळ धडपडल्याचा आवाज आला. एकदा डबा पडला.

"दादाजी, मदत करू?"

"बाहेर थांब!"

ते बाहेर आले तेव्हा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि खाली दोन निळी नळकांडी. एक पाय पुढे टाकायचा, मग सगळं अंग फिरवायचं, मग दुसरा पाय. अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"लग्नात नवा जोडा घातला होता तसं," ते म्हणाले आणि निंबाआबांपुढे हात केला. "पाटील, पुढच्या आखाजीला ही घेऊन येतो. नरम करून. तेव्हा तुमची द्यायची. ठरलं?"

"ठरनं नाना. पन धवाले नको टाकू हं!"

"मला काय सांगता? मी कापडवाला आहे."

जाताना निंबाआबांनी लिंबांची गोणी दिली. सुलक्षणाने माझ्या ओटीत सांजोऱ्या घातल्या आणि कानात म्हणाली, "पुढनी आखाजीले लेवाले येवानी वाट दखू नका, सवताच या." काळी-पिवळी आली. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला गेले, पण पँट वाकेना. शेवटी रोनक आणि निंबाआबांनी त्यांना आडवं धरून आत सरकवलं. पाय तेवढे दाराबाहेर राहिले, ताठ.

"शेठ, पाय आत घ्या ना," ड्रायव्हर म्हणाला. "कशाला तरी अडकतील."

"वळत नाहीत रे बाबा. हळू चालव." आणि मग मान मागे वळवून, "रोनक, अहमदाबादहून किती ठाणं सांगितलीस? कमी सांगितली असशील. तुला व्यापार कळत नाही. पुढच्या वेळी मी येतो बरोबर. या पँटीलाही पळवायला हवं ना जरा."

गाडी हलली. कडेला बैलगाडी दिसली की ड्रायव्हर आमच्या शेठच्या पायांसाठी बाजूला घेत होता, आणि दर वेळी गाडीवान वाकून विचारत होता, "काय लागनं का हो नानांना?"